स्मरणिका आधी की जनरल रजिस्टर?

शाळेला कुलूप लागल्याचं सगळ्यांना माहीत होतंच. काल कट्टा पेटला तो स्मरणिकेवरून. बंड्या (माजी विद्यार्थी ग्रुपचा ॲडमिन, पद स्वयंघोषित) आराखडाच घेऊन आला होता. आर्ट पेपर, मुखपृष्ठावर ड्रोनचा फोटो आणि आत 'आपली रत्ने' नावाचं सदर.

"रत्नांत एक मंत्री पण आहे!"

"तो महिनाभर होता सातवीत," तात्या म्हणाले. तात्या म्हणजे शाळेचे निवृत्त हेडक्लार्क. "पलीकडच्या शाळेच्या स्मरणिकेतही तोच आहे. ब्लॉक उसना आण, खर्च वाचेल."

"मग तात्या, इतिहास लिहायचा कशावरून?" नंदूनं विचारलं.

"जनरल रजिस्टरवरून. नाव, जात-पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, कितवीत आला, कितवीतून गेला, का गेला. एका ओळीत एक पोरगं. दाखला म्हणजे त्याच ओळीची नक्कल. आणि शेवटचा नंबर बघून 'एवढे विद्यार्थी घडवले' असं छापू नकोस, बंड्या. आठ दिवसांत नाव काढून नेलेला पण त्यात नंबर खाऊन बसलाय."

"धूळ खाणारी पुस्तकं ती! लोकांना भावना पाहिजेत," बंड्या.

"भावनेवर जात पडताळणी होत नाही. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. आजोबांच्या नावची ओळ कुठं असते? कुणबी नोंदींसाठी २०२३ साली अख्खं सरकार कसली पानं उलटत होतं?"

बंड्या गप्प. (चहा सांगितला, त्याच्या खात्यावर.)

मंदारला प्लॉटची काळजी. "ट्रस्टी टॉवर उभा करणार बघा." त्यावर तात्यांनी एवढंच सांगितलं, की ट्रस्टची जागा विकायची तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते आणि इमारत तीन वर्षांच्या वर भाड्यानं द्यायची तरी लागते. हरकत घ्यायची तर तिथं लेखी घ्या, ग्रुपवर अंगठे दाखवून काही होत नाही.

"शाळा सरकारनं मारली!" बंड्याला पुन्हा कंठ फुटला.

"तुझी दोन्ही पोरं कुठल्या मीडियमला रे?" नंदू.

"पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पदं कमी होतात," तात्या शांतपणे म्हणाले. "शिक्षक अतिरिक्त ठरतो, समायोजनात दुसरीकडे जातो. गणिताला माणूस उरत नाही, म्हणून पट आणखी घसरतो. दोष सरकारचा आहेच. पण पट सरकारची पोरं घालून भरत नाही."

मग कामाचं बोलणं झालं. रजिस्टरं कुणाच्या ताब्यात आहेत ते शिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी विचारायचं आणि फोटो काढायची परवानगी त्याच अर्जात मागायची. पुस्तक स्कॅनरवर पालथं दाबायचं नाही, शिवण उसवते. कॅमेरा वरून सरळ, उजेड दोन्ही बाजूंनी तिरका, फ्लॅश बंद. नोंद डाव्या पानावरून उजव्यावर जाते, म्हणून दोन्ही पानं एकाच फोटोत. फाइलला नाव खंड आणि पानाचं. फाटक्या पानाला सेलोटेप लावायची नाही, डिंक पिवळा पडतो आणि पुढं टेप काढताना अक्षरं घेऊन निघते. लॅमिनेशन तर नकोच. आणि हे फोटो ग्रुपवर फिरवायचे नाहीत, त्यात लोकांच्या जाती आणि जन्मतारखा आहेत.

"मेळाव्याला बोलवायला वर्गातल्या मुली सापडत नाहीत म्हणता ना, त्या रजिस्टरात माहेरच्या आडनावानं शोधा," तात्यांनी जाता जाता टाकलं.

"निदान जन्मतारखा तरी द्या मला," बंड्या म्हणाला. "रोज ग्रुपवर शुभेच्छांचं कार्ड टाकीन."

"रोज कशाला? तुझी तारीख काय?"

"१ जून."

"मंदार?"

"१ जून."

नंदू आधीच हसत सुटला होता. पोराला घेऊन बाप आला की गुरुजी वय अदमासानं धरायचे आणि शाळा जूनची, म्हणून तारीख १ जून. आख्खे वर्गच्या वर्ग एका दिवशी जन्मलेले.

"मग झालं तर!" बंड्या उठून उभा राहिला. "मेळावा १ जूनलाच. केक एकच लागेल."

"वर्गणी मात्र तू गोळा करू नकोस," मंदार म्हणाला. "गॅदरिंगचा हिशेब अजून यायचाय."