चांदव्यांची खानेसुमारी

नागपुरात जानेवारीच्या पहाटे पांघरुणाबाहेर पाय काढणे हाच मुळात पराक्रम आहे. २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे ज्यांना आठवते ते या विधानावर वाद घालणार नाहीत. आशियाई पाणपक्षी गणना नेमकी जानेवारीतच असते, कारण उत्तरेकडून आलेले पाहुणे तोपर्यंत स्थिरावलेले असतात. भारतीय उपखंडात १९८७ पासून चालत आलेल्या या गणनेत कोणाही हौशी माणसाला भाग घेता येतो, आणि या उदार धोरणाचा मी नेमाने बळी ठरतो.

आमच्या गटाकडे शहराबाहेरचा एक तलाव असतो. त्यातील जलकुंभी उपसून आणि काठावरची बेशरम नावाची झुडपे खणून त्याला पुन्हा जिवंत केलेले आहे (बेशरम पुढच्या पावसाळ्यात नावाला जागली, ही गोष्ट वेगळी). काठाला सिमेंटची भिंत न घालता तो मुद्दाम उतरता ठेवला आहे, कारण तुतवारीसारख्या आखूड पायांच्या पक्ष्याला वीतभर पाणीही गळ्याशी येते आणि तिचे सारे अन्न चिखलातच असते. परिसरातील नागरिकांना मात्र शहरातल्या फुटाळा तलावासारखे कारंजे हवे होते. “एवढा पैसा लावला, मंग चिखल तसाच कहून ठेवला जी?” हा प्रश्न आम्हाला दर वर्षी विचारला जातो आणि त्याचे उत्तर आम्ही त्याच चिखलात, घोट्यापर्यंत रुतलेल्या अवस्थेत देतो. विदर्भाची काळी माती बूट सहजासहजी परत करीत नाही.

खरी परीक्षा चांदव्यांची असते. काळाकुट्ट देह आणि कपाळावर पांढरा टिळा, असा हा पक्षी ओळखायला सोपा असला तरी मोजायला अशक्य आहे. आधी दहा पक्षी मोजावेत, ते किती जागा व्यापतात हे नजरेत धरावे आणि तेवढे तुकडे साऱ्या थव्यावर कल्पनेने मांडत जावे, अशी शास्त्रशुद्ध रीत आहे. चांदव्यांना ती मान्य नाही. दहातील तिघे त्याच क्षणी बुडी मारतात आणि कोठून वर येतील याचा नेम नसतो. तेवढ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून घिरटी घालतो, बदके उठून दुसऱ्या काठाला जातात, चांदवे एकमेकांना खेटून एकच काळा गोळा होतात आणि लिहिणारा थंडपणे विचारतो, “किती लिहू?”

तुतवारींपाशी तर मैत्री पणाला लागते. सामान्य तुतवार शेपूट सतत खालीवर हलवते, म्हणून तिच्याविषयी एकमत होते. हिरवी की ठिपकेवाली, हा मात्र वर्षानुवर्षे चिघळलेला वाद आहे. ठिपकेवालीची भुवई ठळक आणि पाय पिवळसर असतात, असे पुस्तकात स्वच्छ दिलेले आहे. पण पुस्तकातील तुतवारीचे पाय धुतलेले असतात. उडाली तर पंखांची खालची बाजू पाहून निकाल लागतो, कारण हिरवीची ती गडद असते. म्हणून तिने उडावे यासाठी चार सुशिक्षित माणसे श्वास रोखून उभी राहतात आणि ती पाऊण तास चरत राहते.

हे सारे म्हशी घेऊन आलेले एक काका बांधावरून पाहत होते. “मोजून काय करता जी यायचं?” त्यांनी विचारले. काही करत नाही, नुसती नोंद ठेवतो, असे मी सांगितले. पट्टकादंब हे रानहंस यंदा दिसले नाहीत, असेही ओघात बोलून गेलो. “डोक्यावर काये पट्टे हायेत तेच ना?” काका म्हणाले. “दिसत कशे नाई? रातभर माह्या हरभऱ्यात असतात. माह्या हरभरा किती खाल्ला, ते बी लिवा त्या कागदावर.”

आमच्या तक्त्यात हरभऱ्याचा रकाना नव्हता.