किडनीच्या रुग्णाने कोलेस्टेरॉलची गोळी सोडावी का? त्या निरोपाला उत्तर

बडोद्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक निरोप फिरतोय. क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर किडनी ठणठणीत. कोलेस्टेरॉलची गोळी किडनी खाते. डायलिसिसवर कमी कोलेस्टेरॉलवालेच आधी जातात, म्हणजे ते वाढलेलंच बरं. शेवटी सैंधव मिठाचा सल्ला. दांडिया बाजारातल्या आमच्या एका काकूंनी हे वाचून डॉक्टरांना न विचारता गोळी थांबवली, म्हणून हे लिहितेय.

आधी क्रिएटिनिन. हा रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी तो गाळून टाकते. ते स्नायूंतून येतं आणि वयाबरोबर स्नायू झडतात. पंचविशीतल्या तरुणाचं १.१ आलं तर त्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते याचा अंदाज, साधारण ९५ निघतो. सत्तरीच्या बाईचं तेच १.१ असेल तर जेमतेम ५४. रिपोर्टवर दोघांचंही क्रिएटिनिन नॉर्मलच्या आसपास दिसतं. पण तीन महिन्यांहून जास्त काळ ईजीएफआर ६० च्या खाली राहिला, तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात. सोबत लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासायला हवं. त्याचं लघवीतल्याच क्रिएटिनिनशी प्रमाण ३० (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) च्या वर गेलं, तर ईजीएफआर चांगला असतानाही हृदयविकाराने मृत्यूचा धोका वाढतो.

हृदयाचा इथे काय संबंध? किडनी मंदावली की रक्तदाब चढतो, फॉस्फरस साठतो, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम बसतं, हृदयाची भिंत जाड होते. या आजाराचे बहुतेक रुग्ण डायलिसिसपर्यंत पोहोचतच नाहीत. त्याआधीच अनेकांना हृदय दगा देतं. म्हणूनच ‘केडिगो’ या किडनीविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पन्नाशीपुढच्या, डायलिसिसवर नसलेल्या रुग्णाचा ईजीएफआर ६० च्या खाली असेल, तर कोलेस्टेरॉलचा आकडा कितीही असो, स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, द्यावं.

गोळी किडनी खाते? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शार्प’ चाचणीत किडनीचे ९ हजारांहून जास्त रुग्ण होते. सिमव्हास्टॅटिन आणि इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची औषधं घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात अशा घटना १७ टक्क्यांनी घटल्या. एकूण मृत्यू मात्र लक्षणीय घटले नाहीत, हेही सांगायला हवं. किडनी गोळीने सुधारली नाही, तशी बिघडलीही नाही. रोझुव्हास्टॅटिनसारख्या काही गोळ्यांचा डोस किडनी फार खालावली की कमी ठेवावा लागतो. ते डॉक्टर ठरवतील.

डायलिसिसचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच घातक. कमी कोलेस्टेरॉल असलेल्या रुग्णांत मृत्यू जास्त दिसतात, पण त्याचं कारण कुपोषण आणि शरीरातली आतली सूज, म्हणजे दाह. त्यांनीच कोलेस्टेरॉलही खाली येतं आणि माणूसही खचतो. तूप-लोणी खाऊन आकडा चढवल्याने ती सूज जात नाही. डायलिसिसवर असताना स्टॅटिन नव्याने सुरू करून फारसा फायदा होत नाही, हे २००५ च्या ‘फोर डी’ आणि २००९ च्या ‘अरोरा’ चाचण्यांत दिसलं. पण आधीपासून चालू असलेली गोळी तेव्हाही चालू ठेवतात. काकू तर डायलिसिसवर नाहीतच!

राहिलं सैंधव. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. सेव-उसळ, लीलो चेवडो (ओला चिवडा) यांतलं मीठ सैंधव असलं तरी रक्तदाब चढायचा तो चढतोच. आणि त्याऐवजी दुकानातलं ‘लो सोडियम’ मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. खालावलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि रक्तात ते वाढलं, तर हृदयाचे ठोके अचानक थांबू शकतात.