ड्यूटी फ्रीची पिशवी, आत्याचं इन्सुलिन आणि तो 'जरूर वाचा' मेसेज

'परदेशी जाणाऱ्यांनी जरूर वाचा, एका निवृत्त विमानतळ अधिकाऱ्याने दिलेली माहिती' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या ठाण्यात घरोघरी फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला, तोवर मी सोडून दिलं. पण नौपाड्यातल्या माझ्या आत्याने तो वाचून इन्सुलिनची पेनं मोठ्या बॅगेच्या तळाशी साड्यांच्या घड्यांत भरून टाकली, तेव्हा गप्प बसवेना. आत्या लेकीच्या बाळंतपणाला निघाली आहे. मुंबई, फ्रँकफर्ट, शिकागो आणि तिथून देशांतर्गत विमानाने कोलंबस, तेही एकटी. तिच्या वयाच्या माणसांना तपासणीच्या रांगेत इंग्रजीतून वाद घालणं जमत नाही. मेसेजमध्ये 'अधिकारी' हा शब्द दिसला की ती विश्वास ठेवतात. असा मेसेज पुढे ढकलणाऱ्याने निदान एकदा खात्री करून घ्यायला नको?

इन्सुलिनपासूनच सुरुवात करते, कारण बाकीच्या मुद्द्यांत फार तर पैसे जातील, इथे जीवाशी गाठ आहे. मेसेज म्हणतो, 'इन्सुलिन, सिरप, डोळ्यांचे थेंब ही द्रव औषधं केबिनमध्ये चालत नाहीत, चेक-इनमध्येच टाका.' साफ खोटं. मुळात केबिनमध्ये न्यायच्या द्रवाच्या एका बाटलीला मर्यादा १०० मिलीची आहे. इन्सुलिनच्या पेनमध्ये असतं ३ मिली, कुपीत १० मिली. म्हणजे हा नियम इन्सुलिनला शिवतही नाही. सिरपची मोठी बाटली असली तरी प्रवासात लागणाऱ्या औषधाला १०० मिलीच्या वर सूट आहे. ते वेगळं काढून अधिकाऱ्याला दाखवायचं आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवायची. औषध गार ठेवायला लागणारा जेल पॅकही अमेरिकेत चालतो, अर्धवट वितळलेला असला तरी.

उलट चेक-इन बॅगेत टाकणंच धोक्याचं आहे. विमानाच्या पोटात सामान किती गार पडेल याची हमी नसते आणि इन्सुलिनच्या खोक्यातल्या कागदावर 'गोठवू नका' असं स्पष्ट छापलेलं असतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन नंतर वितळलं तरी वापरायचं नसतं, आणि नुसतं बघून ते बिघडलंय हे ओळखता येईलच असं नाही. शिवाय बॅग फ्रँकफर्टला मागे राहिली तर मधुमेही बाईने दोन दिवस काय करायचं? आत्याची पेनं आता हँडबॅगेत आहेत. डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी आणली आहे, औषधाच्या मूळ नावासकट. ज्यांनी ज्यांनी हा मुद्दा पुढे पाठवला त्यांनी तो त्याच ग्रुपवर मागे घ्यावा, एवढी माझी मागणी आहे.

आता मेसेजचा सगळ्यात लाडका मुद्दा. 'ड्यूटी फ्रीमध्ये घेतलेली वस्तू जगात कुठेही अडवत नाहीत. पिशवी फोडून बाटली हँडबॅगेत ठेवली तरी चालते, फक्त पावती जवळ हवी. बाटलीचं बूच सीलबंद असतंच.'

हे ज्याने लिहिलं त्याला हा नियम कशामुळे आला हेच माहीत नाही. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी एक कट उघडकीला आणला. हीथ्रोहून अमेरिका आणि कॅनडाला जाणारी विमानं हवेत उडवायची होती, द्रव स्फोटकाने. त्यासाठी शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटल्या वापरायच्या होत्या. बाटलीच्या बुडाला बारीक भोक पाडायचं, आतलं पेय काढून टाकायचं, त्याच भोकातून हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण भरायचं आणि भोक बुजवायचं. बुचाला हात लावायचाच नाही. वरून बघणाऱ्याला दुकानातून आणलेली कोरी सीलबंद बाटली दिसावी, हाच त्या कटाचा गाभा होता. २००९ साली लंडनच्या न्यायालयात त्यातल्या तिघांवर हा गुन्हा शाबीत झाला. तेव्हा बूच सीलबंद आहे हे कारण तपासणीच्या टेबलावर चालत नाही. चालतं ते पिशवीचं सील.

ती पिशवी नीट बघा. जाड पारदर्शक प्लॅस्टिक, बहुतेक ठिकाणी लाल काठ, पावती आतच आणि बाहेरून वाचता येईल अशी. वरची चिकटपट्टी उचकटायचा प्रयत्न केला की खूण उमटते आणि ती पुन्हा जात नाही. शेवटच्या मुक्कामापर्यंत उघडू नये, अशी सूचनाही पिशवीवर छापलेली असते. बाटली देखरेखीखालच्या दुकानातून निघाली आणि मध्ये कोणी हात लावला नाही, एवढंच ती पिशवी सांगते. ती फोडली की हातात राहते १०० मिलीपेक्षा मोठी एक बाटली, आणि ती पुढच्या तपासणीला कचऱ्याच्या टोपलीत जाते. पावती दाखवून उपयोग नाही.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे टीएसएने, आपल्या संकेतस्थळावर हे शब्दाशब्दांत दिलंय. बाटली परदेशात घेतलेली हवी आणि कनेक्टिंग विमानाने अमेरिकेत येत असायला हवं. दुकानदारानेच ती पारदर्शक, छेडछाड कळेल अशा पिशवीत बंद केलेली हवी. मूळ पावती हवी आणि खरेदी मागच्या ४८ तासांतली हवी. एवढं सगळं असूनही यंत्रावर शंका आली किंवा आतलं तपासता आलं नाही, तर बाटली आत सोडत नाहीत. म्हणून जमेल तेव्हा ती चेक-इन बॅगेतच घाला, असंही टीएसए सांगते. 'जगात कुठेही अडवत नाहीत' हे वाक्य एवढ्यावरच निकालात निघतं.

आत्याच्याच प्रवासाचं सांगते. जावयासाठी व्हिस्कीची एक बाटली आणि लेकीसाठी पर्फ्यूम तिला मुंबईला ड्यूटी फ्रीत घ्यायचंय. घेताना काउंटरवर सांगायचं की पुढे दोन विमानं बदलायची आहेत, आणि पिशवी आपल्यासमोर बंद करून घ्यायची. फ्रँकफर्टला पुन्हा तपासणी होते. युरोपबाहेरून आलेल्या अशा पिशव्या तिथे ३१ जानेवारी २०१४ पासून यंत्रावर तपासून सोडतात, त्याआधी सर्रास काढून घ्यायचे. शिकागोला मात्र खरी मेख आहे. तिथे मोठ्या बॅगा पट्ट्यावरून आपणच उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर यायचं आणि कोलंबसच्या विमानासाठी त्या पुन्हा सोपवायच्या. त्या सोपवण्याआधी, तिथेच, बाटली आणि पर्फ्यूम मोठ्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवायचं, कारण यानंतर पुन्हा टीएसएची तपासणी असते आणि यंत्रावर शंका आली तर सीलबंद पिशवीतली बाटलीही तिथेच राहते. एवढी साधी गोष्ट त्या लांबलचक मेसेजमध्ये कुठेही नाही. आणि व्हिस्कीच्या जागी ७० टक्क्यांहून कडक मद्य असेल तर ते केबिनमध्येही नको आणि चेक-इनमध्येही नको.

सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तिथल्या चांगी विमानतळाच्या बऱ्याच भागात तपासणी थेट गेटवर होते, त्यामुळे आत विमानतळावरच घेतलेली पाण्याची बाटलीसुद्धा गेटवर सोडावी लागते.

बाकीचे मुद्दे भराभर. '२०० मिलीची ट्यूब अर्धी रिकामी असेल तर चालते.' नाही चालत, मोजतात ते डबीचं माप. 'लोणचं, तूप, मोरांबा हे द्रव नाहीत.' तपासणीत ते द्रव, जेल आणि पेस्ट या एकाच गटात येतात, श्रीखंडही. 'तूप फ्रिजरमध्ये गोठवून न्या.' टीएसए घट्ट गोठलेला पदार्थ सोडते हे खरं, पण तपासणीच्या क्षणी तो दगडासारखा हवा. ठाण्याहून निघून घोडबंदरचं नाही तर पूर्व द्रुतगती महामार्गाचं ट्रॅफिक पार करून, मग फ्रँकफर्ट आणि शिकागोपर्यंत तूप तसं राहणार आहे का? ते मोठ्या बॅगेत घाला.

मेसेजमध्ये नसलेली पण बाळंतपणाला जाणाऱ्या प्रत्येक आजीला लागणारी गोष्ट म्हणजे पूड. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत जून २०१८ च्या अखेरीपासून ३५० मिलीपेक्षा जास्त मापाची कोणतीही पूड केबिनमध्ये अडू शकते. सुंठपूड, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, सगळं चेक-इनमध्ये. आणि दुबईवरून जाणार असाल तर डिंकाच्या लाडवांत खसखस घालू नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बेकायदा आहे.

'१०० मिली हा दुकानदारांचा पाणी विकायचा डाव आहे' हेही मेसेजात आहे. विमानतळावरचं पाणी महाग असतं आणि या नियमाचा दुकानांना फायदा झाला, हे मान्य करावं लागेल. पण नियम २००६ च्या त्या कटानंतर आला. युरोपात तो नोव्हेंबर २००६ मध्ये लागू झाला आणि पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने इतर देशांना त्याची शिफारस केली. रिकामी बाटली तपासणीतून नेता येते आणि आत गेल्यावर नळावर भरता येते, मग डाव कसला?

शेवटचा मुद्दा, 'नवे स्कॅनर आलेत, १०० मिलीचा नियम संपला.' यात अर्धं खरं आहे. जुन्या एक्स-रे यंत्राला पाणी आणि पेरॉक्साइड यांतला फरक भरवशाने कळत नव्हता. नवी यंत्रं सीटी स्कॅनसारखं चहूबाजूंनी चित्र काढतात. त्यामुळे एडिनबरासारख्या ठिकाणी २ लिटरपर्यंतची बाटली सोडतात. पण युरोपीय संघाने सप्टेंबर २०२४ मध्ये असे स्कॅनर असलेल्या विमानतळांवरही १०० मिली परत आणलं आणि नंतर ठरावीक यंत्रांनाच पुन्हा मुभा दिली. दोन-तीन विमानं बदलणाऱ्याच्या वाटेतलं सगळ्यात कडक विमानतळ कोणतं, त्यावर त्याची बाटली ठरते. एडिनबराला सुटलेली लिटरची बाटली पुढच्या ठिकाणी कचऱ्यात जाऊ शकते.

येतानाचं तर याहून सोपं आहे. मुंबईत उतरल्यावर बॅगा घेण्याआधी ड्यूटी फ्रीचं दुकान लागतं. माणशी २ लिटरपर्यंत मद्य तिथेच घेता येतं आणि त्यानंतर सुरक्षा तपासणीच नसते.