फॉर्मवर सगळेच ‘रोज’ वाचतात

लहान मुलांच्या वाचनाबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की पालक मुलांना किती वेळा वाचून दाखवतात आणि घरात गोष्टींची पुस्तकं किती, हे प्रश्नावलीतून विचारलं की मुलांच्या वाचनात घरचा सहभाग किती, ते मोजता येतं. पण शाळेच्या फॉर्मवर ‘आम्ही वाचत नाही’ असं कोणता बाप लिहिणार आहे? सगळे ‘रोज’वरच टिक करतात. कॅनडातल्या संशोधक मोनिक सेनेशाल आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली यावर छान युक्ती वापरली होती. बालपुस्तकांच्या नावांच्या यादीत काही खोटी नावं घुसवायची आणि पालकांना ओळखीची तेवढी निवडायला सांगायची. फेकाफेक लगेच कळते! २००२ च्या अभ्यासात त्यांनी गोष्ट वाचून दाखवणं आणि अक्षरं शिकवणं हे वेगवेगळं मोजलं. पहिल्याचा संबंध शब्दसंग्रहाशी दिसला, दुसऱ्याचा अक्षरओळखीशी.

आता ही यादी नागपुरात आणा. मानेवाड्यात आमच्या शेजारी चार वर्षांची पोट्टी आहे. घरात गोष्टीचं पुस्तक एकही नाही. पण आजी पापडाच्या पाकिटावरचा ‘प’ बोटाने गिरवून घेते आणि मेट्रोत बसली की प्रत्येक स्टेशनची पाटी वाचायला लावते. रात्री गोष्ट, तीही अर्धी वऱ्हाडी, अर्धी हिंदी. यादीत हे घर शून्य. बरं, फॉर्मवर रकाने फक्त आई आणि वडिलांचे, म्हणजे आजी बाद.

त्यापेक्षा सरळ विचारा: काल संध्याकाळी मुलासोबत काय वाचलं, आणि कोणी? ‘काल’ म्हटलं की थाप मारणं जरा जड जातं.