सातवा नंबर आणि संडासाची किल्ली

गेल्या रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. पाच विषय होते. पहिल्या चारांवर कुणी तोंड उघडलं नाही. पाचवा आला, 'कचरा', आणि हॉलला एकदम जाग आली.

एका सभासदांनी कुठल्याशा खासगी एजन्सीचं कोटेशन आणलं होतं. टेम्पो येणार, दोन पोरं येणार, सगळ्या बादल्या एकत्र ओतून घेऊन जाणार. ओला-सुका करायची कटकट नाही. "आणि या बायकांचं रोजचं नाटकही बंद." नाटक म्हणजे काय, तर आमच्याकडे कचरा घेणाऱ्या ताईंना ओल्यात दुधाची पिशवी सापडली की त्या बादली तिथेच ठेवतात आणि बेल वाजवतात. गप्प राहून हात घालत नाहीत. एवढाच त्यांचा गुन्हा.

मला बसल्या बसल्या सातवा नंबर आठवला. नीती आयोगाने २०२१ मध्ये शाश्वत विकास उद्दिष्टांवर देशातल्या ५६ शहरांची क्रमवारी काढली होती. शिमला पहिलं, पणजी सहावी, पुणे सातवं. त्याआधी राहण्यायोग्य शहरांच्या यादीत आपण २०१८ ला पहिले आणि २०२० ला दुसरे होतो. दुसरे आल्याचं दुःख पुण्यात कसं साजरं झालं ते सांगायला नको. पण संयुक्त राष्ट्रांच्या या सतरा उद्दिष्टांतलं अकरावं शहरांसाठी आहे आणि त्यात 'सर्वसमावेशक' हा शब्द आहे. माझ्या मते पुण्याने या शब्दाला जागून केलेलं सगळ्यात मोठं काम मेट्रो नाही, नदीकाठही नाही. ते काम रोज सकाळी सव्वासातला आमच्या जिन्यात "कचराऽऽ" म्हणून ओरडतं, आणि आम्ही त्याला नाटक म्हणतो.

थोडा इतिहास, कारण मीटिंगमध्ये तो कुणालाच माहीत नव्हता. नव्वदच्या आसपासपर्यंत कचरा वेचणाऱ्या बाया कुंडीत उतरून कागद, काच, पत्रा वेचायच्या आणि लोक त्यांना चोर म्हणायचे. बहुतेक दलित समाजातल्या, कित्येकींची घरं ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठून इथे आलेली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या बायकांपर्यंत पोचल्या. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. हमाल पंचायत उभारलेला माणूस, त्यामुळे दया मागायची नाही, हिशेब मागायचा, हे या संघटनेत पहिल्यापासून होतं. महापालिकेने ओळखपत्रं मान्य केली, पुढे आरोग्य विम्याचे पैसे भरले. २००७ मध्ये या बायकांच्या मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेने तिच्याशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. कुंडीतल्या बाईला शहराने कागदावर सही करून जिन्यात आणलं. आज तीन हजारांहून जास्त जणी हे काम करतात.

आता यातला पैशाचा भाग बघा, कारण पुणेकराला तो पटतो. बऱ्याच शहरांत ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात. जितकं वजन जास्त तितकं बिल मोठं, म्हणजे कचरा कमी होण्यात त्याला काडीचाही रस नाही. ओला, सुका, राडारोडा, पावसाचं पाणी, सगळं वजनच. आमच्या ताईंचा हिशेब उलटा आहे. महापालिका त्यांना पगार देत नाही. घरटी महिन्याचे पैसे आम्ही देतो आणि सुक्यातून निघालेला पुठ्ठा, बाटल्या, पत्रा विकून वरची मिळकत होते. डेपोवर जितकं कमी जाईल तितकं त्यांच्या पोत्यात जास्त पडतं. सुका कचरा स्वच्छ मिळाला तर भाव मिळतो, खरकट्यात माखलेला मिळाला तर जात नाही. म्हणून ती बेल वाजते हो! ते नाटक नाही, तो धंदा आहे, आणि त्या धंद्यात शहराचाही फायदा आहे.

सॅनिटरी पॅडची गोष्टही सांगून टाकते, मीटिंगमध्ये पुरुष मंडळी होती म्हणून तिथे राहिली. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वेगळं करणाऱ्या बाईला न उघडता कळतं, ही मोहीम याच बायकांची. नात आली होती तेव्हा मी स्वतः एकदा डायपर तसाच सुक्यात टाकला. दुसऱ्या दिवशी ताई बेल वाजवून एवढंच म्हणाल्या, "काकू, हात माझाच जातो त्यात." तेव्हापासून लाल स्केचपेन माझ्या बाथरूममध्ये टांगलेलं आहे.

मग महापालिकेचं कुठे चुकतं? माझ्या मते तिला आपल्याच चांगल्या कामाचा भरवसा नाही. २०२० च्या शेवटी 'स्वच्छ'चा करार संपला, तेव्हा नवा करार होईना, थोड्या थोड्या मुदतवाढीवर गाडं ढकललं गेलं आणि ठेकेदार आणायची भाषा सुरू झाली. जगभरची माणसं जे बघायला पुण्यात येतात, ते इथे भाड्याच्या खोलीसारखं अकरा-अकरा महिन्यांच्या मनःस्थितीत ठेवायचं. उद्या काम असेल की नाही हे माहीत नसलेली बाई नवी ढकलगाडी कशाच्या जोरावर घेईल? आणि मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तर नगरसेवकच नव्हते. भांडायलाही माणूस लागतो.

दुसरं, शहराने कुणाला 'सर्व' धरलं आहे ते शहराच्या कडेला जाऊन बघावं लागतं. आपला कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथ्यावर गेला. तिथली विहिरींची दशा, वास, आगी, आंदोलनं, सगळं वर्तमानपत्रात आपण चहाबरोबर वाचलं. २०१७ मध्ये ही गावं महापालिकेत घेतली, पुणेकरांच्या बरोबरीने मिळकतकर आला, बरोबरीचं पाणी काही आलं नाही, आणि शेवटी ती बाहेर पडून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. समावेश नको, असं लोकांना म्हणावंसं वाटलं, यावर एखाद्या अहवालात ओळ असायला हवी होती.

२०२१ मध्ये आणखी २३ गावं आत आली आणि क्षेत्रफळाने पुणे राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झाली. त्याचे बॅनर मला आठवतात. मग जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या त्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, माणसं हातापायातली ताकद जाऊन हॉस्पिटलात भरती होऊ लागली. जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, हे नाव आपण सगळे तेव्हा शिकलो. रुग्ण दोनशेच्या वर गेले. संशय पाण्यावर गेला तेव्हा कळलं की नांदेडच्या विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून लोकांना जात होतं, शुद्धीकरण प्रकल्प नव्हताच. नकाशात आत आणि नळात बाहेर, अशी ती गावं होती. सातवा नंबर २०२१ चा, ही गावंही २०२१ चीच.

चांगलं काही नाही असं मी म्हणत नाहीये. जंगली महाराज रस्त्याच्या फुटपाथवरून मी अजूनही मुद्दाम चालते, गुडघे कुरकुरत नाहीत. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करतात तो दिवस सुखाचा असतो (उरलेल्या ३६४ दिवसांचं काय, हे विचारायचं नाही). नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात ही सोय २००६ पासून आहे. फॉर्म भरायचा, काम पाच लाखांच्या आतलं हवं. मी दोनदा भरला. बाकडं मागितलं होतं. आता मात्र वाटतं की बाकडं मागण्यात मी वर्षं घालवली, मागायचं दुसरंच काहीतरी होतं.

ते मला त्या मीटिंगनंतर कळलं. ताई खाली ढकलगाडीपाशी बसून सुका वेगळा करत होत्या. मी विचारलं, तुम्ही सकाळी सहाला घरून निघता, एकपर्यंत आमच्या सहा इमारती करता, मधे जायचं झालं तर कुठे जाता? त्या हसल्या. म्हणाल्या, पाणीच कमी पिते. उन्हाळ्यात जळजळ होते, पण सवय झालीय.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर वॉचमनचा संडास आहे. पाण्याची सोय आहे, दिवा आहे. किल्ली चेअरमनच्या ड्रॉवरमध्ये. बारा वर्षं ही बाई आमच्या घरातलं सगळ्यात खासगी सामान हाताळते आणि बारा वर्षांत आम्हाला, त्यात मला, हे सुचलं नाही. महापालिकेला नावं ठेवायची पोस्ट लिहायला बसले होते, ती इथे येऊन जरा अडली, हे कबूल करते.

मीटिंगमध्ये एजन्सीचं कोटेशन तूर्त बारगळलं, तेही तत्त्वासाठी नाही, ते घरटी चाळीस रुपयांनी महाग होतं म्हणून. ज्यांनी आणलं ते अजून रुसलेले आहेत. किल्लीचा विषय मी पुढच्या मीटिंगसाठी लेखी दिला आहे. सेक्रेटरी म्हणाले, "काकू, एकीला दिली तर सगळे मागतील."

सगळे म्हणजे कोण, ते मी त्यांना विचारलं. कुरिअरवाला, भाजीवाली, धुणंभांडी करणाऱ्या पाचजणी. बोटांवर मोजून झाले. आमच्या प्रभागाच्या नव्या नगरसेविका पुढच्या आठवड्यात भेटायला येणार आहेत म्हणे. त्यांच्यासाठी माझ्याकडे दोन प्रश्न आहेत, 'स्वच्छ'चा करार किती वर्षांचा करणार, आणि बाजारपेठांत, बसस्टॉपजवळ, सॉर्टिंग शेडपाशी बायकांसाठी किती संडास उघडे आहेत. बांधलेले नाही, उघडे. तुमच्या भागातला आकडा माहीत असेल तर खाली लिहा, वही घेऊन बसले आहे.