गल्याथ, मारबत आणि माझी चूक

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा बरीचशी पटली. सगळी नाही.

बेल्जियममधल्या आत गावच्या (नाव खरंच तेच आहे, मी कोटी करत नाहीये) ऑगस्टमधल्या महाकाय मूर्तींच्या मिरवणुकीला मी ‘युनेस्कोचा वारसा’ म्हटलं. युनेस्कोने तिला डिसेंबर २०२२ मध्ये वारशाच्या यादीतून काढल्याचं मी लिहिलं नाही, हा तुमचा आक्षेप. मान्य. लेखात दुरुस्ती केली आहे. काढण्याचं कारण ‘सोवाज’, म्हणजे रानटी माणूस: तोंडाला काळं फासून, नाकात कडं आणि अंगावर साखळ्या घालून नाचणारा गावातलाच एक गोरा. बेल्जियम-फ्रान्समधल्या बाकीच्या महाकाय मूर्तींच्या मिरवणुका यादीत राहिल्या, गेली ती आतचीच.

पण यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढता, ‘म्हणजे पाचशे वर्षांची परंपरा मुळातच सडकी’, तिथे थांबा. मिरवणुकीतली मुख्य मूर्ती गल्याथची, म्हणजे बायबलमधल्या राक्षसी योद्ध्याची; तिचा उल्लेख १४८१ पासून सापडतो. गल्याथला बायको मिळाली १७१५ साली. सोवाज आला १८७३ मध्ये, म्हणजे आपल्या सत्यशोधक समाजाच्या वयाचा! मधे फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत मूर्ती नष्ट झाल्या, त्या गावाने पुन्हा घडवल्या. जी मिरवणूक एवढं पचवते, तिच्यातून एक सोंग गेल्याने काय कोसळणार? उलट ‘सोवाज म्हणजेच आमची परंपरा’ म्हणणाऱ्यांनीच या तारखा पाहायला हव्यात.

आणि ‘नुसती बाहुली’ म्हणू नका हो. चार मीटरची, शंभर किलोंहून जड मूर्ती, वेताचा सांगाडा, आणि आत एकटा माणूस. तो ती खांद्यावर पेलून चालतो, वर गिरक्याही घेतो. आपल्या ढोलपथकात कमरेला ढोल बांधून तासभर चाललेल्याला विचारा.

राहता राहिला टोमणा: ‘नागपूरची मारबत म्हणजे अंधश्रद्धा आणि गोऱ्यांचा राक्षस म्हणजे वारसा.’ मारबतीला मी अंधश्रद्धा कधीच म्हटलेलं नाही. तिच्यावर लिहिलं नाही, हा गुन्हा कबूल. फरक मात्र आहे. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण मारबतीचा पुतळा मिरवून जाळतो. गल्याथला कोणी जाळत नाही, शनिवारी त्याचं लग्न लावतात. जाळतात ती फक्त त्याची विजार, आदल्या रात्री, ब्रह्मचर्य संपलं म्हणून.