पदवीत काय ठेवलंय?

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही अमेरिकेतल्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहात, ऑरगॅनिक केमिस्ट्रीने तुम्हाला दोनदा चितपट केलंय, एमकॅट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचे मार्क अजून घरी कुणाला सांगितलेले नाहीत, आणि तरीही डॉक्टरच व्हायचं हा तुमचा निश्चय ढळलेला नाही. अशा माणसाने आधी पदवी पुरी करावी असं सांगणारे लोक भेटतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. ते बहुधा पदवीधर असतात.

तुमची घाई रास्त आहे. अमेरिकेत चार वर्षं आधी साध्या पदवीची, मग चार एमडीची (तिथली एमडी म्हणजे आपली एमबीबीएस), वर तीन ते सात रेसिडेन्सीची, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकायची. एवढ्या वेळात तुमच्या वर्गातले बाकीचे लग्न करतात, घर घेतात, एखादा तर घटस्फोटही उरकून घेतो. यातलं निदान एक वर्ष कापता आलं तर? कॅरिबियन समुद्रातल्या काही बेटांवरच्या मेडिकल कॉलेजांनी ही तळमळ फार पूर्वी ओळखली. तिथे पदवीचा कागद लागत नाही, कॉलेजात पुऱ्या केलेल्या विषयांची ९० क्रेडिट असली की झालं. अमेरिकन पदवीला साधारण १२० लागतात. म्हणजे पाऊण पदवी पोटात आणि पाव पदवी ताटात टाकून उठायचं.

आता, ९० क्रेडिटांचा नियम अमेरिकेतल्याही काही मेडिकल कॉलेजांच्या कागदावर सापडेल. पण वर्गात डोकावून बघा, जवळजवळ सगळे पदवीधर. नियम एक लिहायचा आणि माणसं दुसरीच घ्यायची! असला दुटप्पीपणा बेटांवर नाही. अमेरिकेतलं दार वर्षातून एकदा किलकिलं होतं. बेटावरची कित्येक दारं जानेवारीत उघडतात, मे महिन्यात उघडतात आणि सप्टेंबरातही. इतक्या वेळा उघडणाऱ्या दारातून लोक आतच जात असतील, असं तुम्ही धरून चाला.

बेटांविषयी कुणी भलतंसलतं सांगितलं तर इतिहास ऐकवा. १९८३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने ग्रेनाडा या चिमुकल्या देशावर सैन्य उतरवलं, आणि अध्यक्ष रेगन यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होतं तिथे मेडिकल शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांची सुरक्षितता. मायदेशीच्या मेडिकल कॉलेजांनी ज्यांना दारातूनच परत पाठवलं असेल, त्यांच्यासाठी तोच देश फौज धाडतो. मोंसेरात बेटावर १९९५ मध्ये ज्वालामुखी जागा झाला, तर तिथल्या कॉलेजाने बेटच बदललं. २०१७ मध्ये मारिया वादळाने डॉमिनिका उद्ध्वस्त केलं, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांचे वर्ग काही काळ चक्क जहाजावर भरले. शरीरशास्त्र आणि समुद्र लागणं, दोन्ही एकाच फीमध्ये.

या सगळ्याचं श्रेय खरं तर अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या गृहस्थांना द्यायला हवं. हे स्वतः डॉक्टर नव्हते, शाळामास्तर होते. त्यांनी अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल कॉलेजं पालथी घातली आणि १९१० मध्ये अहवाल लिहिला, की नफ्यासाठी चालवलेली कॉलेजं बंद करा आणि मेडिकलला येणाऱ्या मुलाने आधी निदान दोन वर्षं कॉलेज केलेलं असू द्या. पुढे तसली कॉलेजं खरंच धडाधड मिटली. नफ्याची मात्र प्रकृती बिघडली. तिला हवापालट हवा होता, तो सत्तरच्या दशकात समुद्रकिनारी मिळाला.

आता माहितीपत्रक उघडा. पहिल्या पानावर पांढरे कोट घातलेली, हसरी, उन्हात उभी राहिलेली पोरं दिसतील. हा पांढऱ्या कोटाचा समारंभ अगदी सुरुवातीला असतो, कुणी काही शिकायच्या आत. फोटो जरूर काढा आणि घरी पाठवा. आजीला कोट तेवढा दिसतो, सेमिस्टर दिसत नाही.

दुसऱ्या पानावर टक्केवारी असते. ती मात्र सावकाश वाचा, कारण इतकं सुबक गणित तुम्हाला सहसा बघायला मिळणार नाही. 'यूएसएमएलई स्टेप वन पहिल्याच प्रयत्नात पास होणारे आमचे विद्यार्थी' असं म्हणून पुढे नव्वदीतला आकडा असतो. (स्टेप वन म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्यासाठी द्यायच्या परीक्षांतली पहिली.) आकडा खरा असतो. त्यात लबाडी शोधू नका, सापडणार नाही. फक्त 'आमचे विद्यार्थी' कोण, ते समजून घ्या. बऱ्याच कॉलेजांत खऱ्या परीक्षेआधी कॉलेजचीच एक चाळणी परीक्षा असते, आणि ती पास झाल्याशिवाय स्टेप वनला बसू देत नाहीत. समजा, शंभर जण आले. (समजाच म्हणतोय, आकडे माझे आहेत.) पहिल्या दोन सेमिस्टरमध्ये पंचवीस गळाले. पुढे पंधरा जण चाळणीत अडकले, पुन्हा फी भरून पुन्हा बसले आणि कंटाळून निघून गेले. उरले साठ. त्यातले सत्तावन्न पास. पंच्याण्णव टक्के! बाकीचे चाळीस नापास नाहीतच. ते परीक्षेला बसलेच नाहीत, मग नापास कसे होतील? पोहायला शिकवणाऱ्याने पैलतीरावर उभं राहून हजेरी घ्यावी आणि म्हणावं, आमच्याकडे आजवर कुणी बुडालेलं नाही.

या गणितात आपण साठांत असू की चाळिसांत, हा प्रश्न मनात आणू नका. ऑरगॅनिक केमिस्ट्रीने तुम्हाला जे सांगायचा प्रयत्न केला, ते तेव्हाही तुम्ही मनावर घेतलं नव्हतं.

दोन वर्षांनी रोटेशनसाठी, म्हणजे हॉस्पिटलच्या एकेका विभागात पाळीपाळीने शिकायला, पुन्हा अमेरिकेत यायचं. कॉलेजाला स्वतःचं हॉस्पिटल नसतं, म्हणून ते दुसऱ्यांच्या हॉस्पिटलांत पैसे भरून तुमच्यासाठी जागा घेतं. २००८ मध्ये एका कॅरिबियन कॉलेजाने न्यूयॉर्कच्या सरकारी हॉस्पिटलांशी दहा वर्षांसाठी दहा कोटी डॉलरचा करार केला होता. हे पैसे कुठून आले, हे फीची पावती बघून ओळखा. तेवढं गणित ९० क्रेडिटांत झालेलं असतं.

मग मार्चमध्ये मॅच. रेसिडेन्सी मिळाली की नाही, ते इथे कळतं. २०२४ मध्ये अमेरिकन एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षातले ९३.५ टक्के विद्यार्थी मॅच झाले आणि परदेशी कॉलेजांतून आलेले अमेरिकन नागरिक ६७ टक्के. तिघांतले दोघं म्हणजे स्पष्ट बहुमत, लोकशाहीत एवढ्यावर सरकारं चालतात. पूर्वी स्टेप वनला आकड्यात गुण मिळत, तेव्हा बेटावरचा एखादा जिद्दी मुलगा अडीचशेच्या वर गुण घेऊन दाखवायचा आणि समोरच्याला गप्प करायचा. जानेवारी २०२२ पासून तिथे नुसतं पास किंवा नापास. सगळे पास सारखेच झाल्यावर निवडणारा माणूस बघणार काय? पुढच्या, स्टेप टू परीक्षेचे गुण बघेल, आणि कॉलेजचं नाव. नाव तर तुमच्याकडे आहेच.

या बेटांवरून आलेले हजारो चांगले डॉक्टर अमेरिकेत काम करतात, विशेषतः फॅमिली मेडिसिन आणि इंटर्नल मेडिसिनमध्ये, हे मात्र उपरोधाने म्हणत नाही. त्यातलं कुणी भेटलं तर अभ्यास कसा केला ते विचारा. पहिल्या सेमिस्टरला शेजारी बसणारा सध्या काय करतो, ते विचारू नका.

घरी सांगायचं कसं? बाबा म्हणतील, "अरे, एकच वर्ष राहिलंय ना? तेवढं काढ की." तुम्ही म्हणा, "बाबा, डॉक्टर झाल्यावर बीएसची पदवी कोण विचारतं?" वाक्य बिनतोड आहे. त्यातल्या 'झाल्यावर' या शब्दाशी बाबा अडखळतील. अडखळू द्या, आणि तेवढ्यात कर्जाच्या अर्जावर त्यांची सही घ्या. शैक्षणिक कर्जाचं एक बरं असतं, अमेरिकेत माणसाचं दिवाळं निघालं तरी ते सहजासहजी सुटत नाही. बेट सुटेल, कोट सुटेल, ते शेवटपर्यंत साथ देईल.

आणि पदवी नसण्याचा मोठा फायदा तर पुढेच आहे. समजा, दीड वर्षाने परत यावं लागलं. हातात पदवी असती तर पब्लिक हेल्थची मास्टर्स करू, फिजिशियन असिस्टंट होऊ, कुठे लॅबमध्ये चिकटू, असे शंभर मोह झाले असते. या प्रत्येक अर्जात पहिलाच रकाना पदवीचा. तो रिकामा असला की सगळे मोह आपोआप टळतात. सिंहगडावर सूर्याजीने दोर कापले ते मावळे वर पोचल्यावर. तुम्ही चढायच्या आधीच कापताय, तुमची हिंमत मोठी.

जुन्या कॉलेजात पुन्हा प्रवेश मागायची वेळ आलीच, तर अर्जात मधल्या काळाचा तपशील विचारतील. 'परदेशी वास्तव्य' असं लिहा. खोटं नाही ते.

पण आपण शुभच बोलू. सगळं पार पडेल, पदवीदान होईल, तेव्हाही फोटो काढतील. तो मोठा करून फ्रेम करून घ्या आणि बैठकीत लावा. पांढऱ्या कोटाचा पहिला फोटो मात्र त्याच भिंतीवर लावू नका. पाहुणे चहा येईपर्यंत रिकामे बसलेले असतात, उगाच डोकी मोजतात.